कंडक्टर म्हणाला, अंडी कुठायत?

परवा एसटीत माझ्या मांडीवर अंड्यांचे रिकामे ट्रे होते, चांगले पंचेचाळीस, सुतळीनं करकचून बांधलेले, आणि ती गठडी माझ्या हनुवटीच्या वर गेलेली त्यामुळे पुढचं काही दिसत नव्हतं. कंडक्टर आला, तिकीट फाडलं, गठडीकडे बघितलं आणि एकदम गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "बाई, ट्रे आलेत, अंडी कुठायत?" मागच्या सीटवरच्या मावशी जे हसायला लागल्या ते धोमच्या फाट्यापर्यंत थांबल्याच नाहीत. मी पण हसले. काय सांगणार, की अंडी आमच्या कोपऱ्यावरच्या बुर्जी-पाववाल्यानं विकली आणि कचऱ्यात जाणारे ट्रे मी महिनाभर त्याच्याकडे साठवायला लावले होते म्हणून?

तर मंडळी, मी शिक्षिका आहे, झेडपीची. वाई तालुक्यात डोंगराच्या कडेला दोन शिक्षकी शाळा, पहिली ते चौथी मिळून २३ पोरं. आणि मला नाद आहे. नवरा त्याला खूळ म्हणतो, सासूबाई "हिचं काहीतरी चाललेलं असतं" म्हणतात, पण मूळ मुद्दा एकच की मला आता कचरा टाकवत नाही. नारळाची करवंटी, आइस्क्रीमच्या काड्या, लग्नपत्रिका, दुधाच्या पिशव्या, टेलरकडच्या चिंध्या, काहीही हातात आलं की आधी डोक्यात येतं याचं वर्गात काय होईल. घरात पलंगाखाली पाय सरकत नाही इतकं सामान आहे.

गंमत म्हणजे माझी स्वतःची चित्रकला यथातथाच. एलिमेंटरीला मला सी ग्रेड होती, तीपण स्मरणचित्रात मी बाजाराऐवजी पाऊस काढला आणि सगळी माणसं छत्र्यांखाली लपवली म्हणून मिळाली असणार, कारण मला चेहरे काढता येत नव्हते. अजून येत नाहीत. पण हेच बरं आहे असं मला आता वाटतं. बाईंनाच गाय काढता येत नाही, बाईंची गाय कुत्र्यासारखी दिसते, हे पोरांनी फळ्यावर एकदा बघितलं की मग त्यांचा हात मोकळा सुटतो. चौथीतला एक जण तर उठून आला, माझ्या हातातला खडू घेतला आणि म्हणाला, "बाई द्या इकडं, मी काढतो, तुमी बसा."

२०२४ पासून शनिवारी दप्तर नाही, आनंददायी शनिवार. सकाळची शाळा, त्यात जरा मोकळीक मिळते. बाकीचे पाच दिवस कला जमेल तशी गणितात, परिसर अभ्यासात घुसडावी लागते, कारण वेळापत्रकात तास असतो पण त्याच तासाला नेमकी कुठलीतरी माहिती ऑनलाइन तातडीने भरायची असते.

आता ट्रेंचं सांगते.

एका ट्रेमध्ये ५ ओळी, दर ओळीत ६ खळगे, म्हणजे ३०. याआधी आणलेले ट्रे पहिले पंधरा दिवस गणितालाच पुरले. चिंचोके टाकून पाढे, तीस तीसचे गठ्ठे, अर्धा ट्रे म्हणजे किती, पाव ट्रे कसा कापायचा यावर तिसरीत मारामारी (पाव ट्रे साडेसात खळग्यांचा होतो, आणि अर्धा खळगा कोण घेणार!). मग त्यांची धार गेली, कडा फाटल्या, तेव्हा लगदा करायचं ठरलं. हे ट्रे मुळात कागदाच्या लगद्याचेच असतात ना, त्यामुळे पाण्यात पडले की पटकन विरघळतात. मागच्या वर्षी मी पेपरच्या गुळगुळीत रंगीत पुरवण्या भिजवल्या होत्या, आठवडा झाला तरी त्या जशाच्या तशा, नटी पाण्यात हसतेय.

पण मागच्या वर्षीचा खरा घोळ वेगळाच होता. शुक्रवारी बादलीत कागद भिजवले, वर झाकण ठेवलं, शनिवारी केंद्रावर बैठक लागली, रविवार, सोमवारी सुट्टी. मंगळवारी दार उघडलं आणि आईशप्पथ, काय तो वास! पोरं नाक धरून बाहेर पळाली. सरांनी, म्हणजे माझ्या सहकाऱ्यांनी, एक शब्द न बोलता बादली उचलली आणि परसात नेऊन ठेवली. नेमकी त्याच दिवशी खिचडी शिजवणाऱ्या मावशी म्हणाल्या, "बाई, आज जेवायला कुणाला इच्छा राहिली नाय." आणि एवढं करून जी वाडगी केली ती वाळली तशी तडकली, दोन तर उचलताना हातात आली.

दुसरीतल्या एका पोरीनं हे सगळं घरी जाऊन सांगितलं, आणि दोन दिवसांनी तिची आजी काठी टेकत शाळेत हजर. आल्या आल्या बादलीत बोट घातलं. "मेथ्या न्हाय टाकल्या व्हय?"

मी म्हटलं, मेथ्या?

"आगं बाई, मेथ्या नसल्या तर त्यो चिकाट कशानं व्हायचा? आन तुमी पानी बी लई ठिवलंय, ह्यो लगदा न्हाय, ताक झालंय."

मग आजी ओट्यावर बसल्या आणि आम्ही २३ अधिक २ जण खाली. त्यांच्या लहानपणी म्हणे घरोघर हे करायचे. बांबूच्या टोपलीतनं पीठ गळायचं, सुपाच्या फटीतनं बारीक दाणा जायचा, म्हणून कागद भिजवून, मेथ्या भिजवून वाटून, दोन्ही उखळात कुटून त्यानं टोपल्या आणि सुपं लिंपायची. किंवा मग घमेलं पालथं घालून त्यावर फडकं टाकायचं आणि लगद्याचा थर थापत जायचं, वाळला की अख्खी टोपली निघून येते. मेथीला चिकटपणा असतो तो डिंकाचं काम करतो, आणि कडू असते म्हणून कीड लागत नाही. मी फेविकॉलचे डबेच्या डबे आणत होते हो! खिशातनं! आणि ही विद्या शाळेपासून चार घरांवर बसलेली होती.

आजींनी दोन गोष्टी अशा सांगितल्या की त्या मी कुठल्याच व्हिडिओत बघितल्या नव्हत्या. एक म्हणजे लगदा मुठीत दाबला की पाणी थेंब थेंब पडलं पाहिजे, धार लागली तर अजून पिळायचा. दुसरं, पहिला दिवस सावलीत वाळवायचं, मग उन्हात. थेट उन्हात ठेवलं की वरचा थर आधी आकसतो आणि आतला ओला राहतो, म्हणून तडा जातो. आमची वाडगी का तडकली ते तेव्हा कळलं. शाडूच्या गणपतीचंही हेच असतं की, दरवर्षी आम्ही गणपती करतो आणि दरवर्षी कुणाच्या तरी गणपतीची सोंड उन्हात पडायची आणि मग रडारड, तेव्हापासून गणपतीही आधी वर्गातच वाळवतो.

त्या खेपेला ११ टोपल्या झाल्या. एकीचा घेर सरळ नाही. कडेला पोरांनी गेरू लावला. एक टोपली आजींना दिली, तर त्यांनी उलटीपालटी करून बघितली, ठोकून बघितली आणि म्हणाल्या, "बरी झालीय. पुढल्या खेपंला पातळ थापा." कौतुक असं त्यांच्याकडून एवढंच मिळतं, पण मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलंय.

गेरूवरनं आठवलं. माझी एक डीएडची मैत्रीण डहाणूकडे शिक्षिका आहे, आंतरजिल्हा बदलीची वाट बघत तिला तिकडे इतकी वर्षं झाली की आता बदली आली तरी ती जाईल का याची आम्हाला शंका आहे. तिच्या नादानं मी तिकडच्या आदिवासींची वारली चित्रं वर्गात आणली. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन, एवढ्यावर सगळं जग. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केले की माणूस, आणि माझ्यासारखीला सगळ्यात सोयीचं म्हणजे चेहरा काढावाच लागत नाही! खाकी कागदाला गेरू फासला, बांबूच्या काडीचं टोक चेचून कुंचला केला, तांदळाचं पीठ पाण्यात कालवून पांढरा रंग. पोस्टर कलरपेक्षा तो छान दिसतो, फक्त दुसऱ्या दिवशी चार चित्रांना मुंग्या लागल्या.

पोरांना मी जिव्या सोमा म्हशे यांच्याबद्दल सांगितलं. मुळात ही चित्रं लग्नाच्या वेळी भिंतीवर बायका काढायच्या, पण हा माणूस पुरुष असून रोज काढत बसला, भिंतीवरनं कागदावर, कॅनव्हासवर आला, देशोदेशी त्याची चित्रं गेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तर एकानं विचारलं, "बाई, ते शाळंत गेलते का?" या प्रश्नाला काय उत्तर द्यावं हे शिक्षकानं ठरवून ठेवलेलं बरं. मी म्हटलं चल, तुझा माणूस पुरा कर.

मग तारपा नाच काढला. मध्ये तारपा, म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य, वाजवणारा आणि भोवती माणसांची गोगलगाईसारखी वळत जाणारी रांग. ती रांग काढताना सगळ्यांचा गोंधळ, कुणाची रांग कागदाबाहेर, कुणाची माणसं पाठमोरी. मैत्रिणीला व्हिडिओ कॉल केला, तिनं बघितलं आणि म्हणाली अगं, नाचणारे तारपावाल्याकडे पाठ करत नाहीत, तो वळेल तसे वळतात, पोरांना आधी नाचायला लाव मग काढायला लाव. लावलं. पटांगणात हात धरून सगळे, तारपा म्हणून सरांचा मोबाईल, आणि वीस मिनिटांनी आत येऊन जी चित्रं काढलीत ती आधीच्या चित्रांपेक्षा कितीतरी सरस. एकीनं तर नाचाच्या शेजारी जेसीबी काढला, त्रिकोण-चौकोनांचाच, व्यवस्थित वारली जेसीबी, कारण त्या आठवड्यात गावात पाण्याच्या पाइपलाइनसाठी खोदाई चालू होती. मैत्रिणीच्या वर्गातल्या पोरांना तिनं आमची चित्रं दाखवली तर ती म्हणे खूप हसली. म्हणाली, "तुमचे बैल डुकरं दिसतात." मान्य.

या मैत्रिणी म्हणजे आम्ही चौघी. डीएडला एकाच खोलीत राहायचो, एक स्टोव्ह, एक आरसा. एक डहाणूला, एक साताऱ्यात पतसंस्थेत (तिनं शिक्षकी सोडली आणि तिला रोज त्याचा आनंद होतो), एक फलटणला माध्यमिकला गणित शिकवते, आणि मी. महिन्याला भिशी, आणि ज्याची भिशी त्यानं जागा ठरवायची. नियम दोनच, शाळेबद्दल बोलायचं नाही आणि वाटेत काही उचलायचं नाही. दुसरा नियम फक्त माझ्यासाठी आहे हे तुम्हाला कळलंच असेल.

माझ्या खेपेला मी मेणवलीचा घाट ठरवते, नेहमी. भेळ वाईतनं बांधून घ्यायची, कांदा वेगळा, आणि नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाटाच्या पायऱ्यांवर बसून बदाम सात. तिथे ती मोठी घंटा आहे ना, मरियम आणि बाळ येशूचं चित्र असलेली, १७०७ साल कोरलेली, मराठ्यांनी वसई घेतली तेव्हाच्या लुटीतली. फलटणवाली दरवेळी त्या घंटेखाली उभी राहून १७०७ ही मूळ संख्या आहे का यावर बोलते. (नाही म्हणे, तिला ३ नं भाग जातो.) आम्ही तिला भेळ देऊन गप्प करतो. पत्त्यांत पतसंस्थावाली सरळसरळ चोरी करते, पत्ता पदराखाली घालते, ड्रेस असला तर ओढणीखाली, आणि पकडली की म्हणते ऑडिटला दाखवून देईन.

सप्टेंबरात कासला गेलो होतो. ऑनलाइन बुकिंग करून, रविवार टाळून, चौघींनी खोटं न बोलता रजा टाकून. पावसाची भुरभुर, धुकं, आणि मधेच धुकं फाटलं की अख्खं पठार गुलाबी, तो तेरडा. मग निळी-जांभळी सीतेची आसवं, पांढरे गेंद, पिवळी सोनकी, आणि ते कवळ्याचं पिवळं फूल ज्याला सगळे मिकी माऊस म्हणतात. फुलं तोडायची नाहीत, ठरलेल्या वाटेनंच चालायचं, ते बरोबरच आहे, २०१२ पासून युनेस्कोच्या यादीत आहे ते. पण माझ्या हाताला नुसती खाज. मग मी काय केलं, दवाखान्यातल्या नोंदवहीसारखी एक छोटी वही नेली होती त्यात जागच्या जागी रंग लावत बसले, फुलाचा आकार नाही, नुसता रंग, शेजारी नाव. तिघी पुढे निघून गेल्या, परत आल्या, चहा घेतला, भजी संपवली. डहाणूवाली म्हणाली, "हिनं नियम मोडला नाही, उचललं काहीच नाही, पण लक्षण तेच."

सोमवारी ती वही वर्गात फिरवली. सांगितलं, डबीतल्या १२ रंगांतनं हे रंग करून दाखवा. तेरड्याचा गुलाबी लगेच झाला, सोनकीही झाली. सीतेच्या आसवांचा रंग काही केल्या होईना. लाल आणि निळा मिळून जांभळा असं पुस्तकात असतं, पण आमच्या डबीतला लाल शेंदराकडे झुकलेला, त्यात निळा टाकला की सरळ चिखल. तिसरीतली एक पोरगी गप्प बसून करत होती, तिनं लालऐवजी गुलाबी घेतला आणि निळ्यात थेंब थेंब टाकत गेली, आणि आला! मला स्वतःला हे माहीत नव्हतं, मी इतकी ओरडले की सर शेजारच्या वर्गातनं धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला.

आणि मग मी चूक केली, सांगून बसले की ही सीतेची आसवं कीटक खातात. म्हणजे खाली मुळांसारख्या धाग्यांवर बारीक बारीक पिशव्या असतात आणि ओल्या मातीतले सूक्ष्म जीव त्यात अडकतात, एवढंच. झालं. पुढचे दोन तास सगळी फुलं दात घेऊन बसली. एका फुलानं म्हैस खाल्ली.

एकदा भेटीला आलेल्या एका साहेबांनी भिंतीवरची ही दातवाली फुलं बघून विचारलं होतं, यातून निष्पत्ती काय? मी काहीतरी निरीक्षण, सूक्ष्म स्नायू, रंगसंगती वगैरे बोलले, ते त्यांनी लिहून घेतलं. म्हैस बघून हसले मात्र नाहीत. असो.

दिवाळीच्या सुट्टीआधी किल्ला झाला. किल्ला घरीदारी सगळेच करतात पण शाळेत सगळ्यांचा मिळून एक करायचा म्हणजे भांडणं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या १२ किल्ल्यांपैकी एक घ्यायचा असं मी म्हटलं, आणि आमच्यापासून जवळ प्रतापगड, त्यामुळे मत एकच पडलं. पण मग अफजलखानाचा शामियाना कुठे लावायचा यावर दोन पार्ट्या. चौथीचे म्हणत किल्ल्याच्या पायथ्याला, दुसरीचे म्हणत वर, कारण वर जागा चांगली आहे आणि त्यांनी पताका लावलेल्या आहेत. शेवटी पायथ्याला लागला. विटांचे तुकडे, पोती, त्यावर चिखल, ट्रेचे खळगे कापून उलटे लावले की त्यांचे बुरूज इतके सुंदर होतात की काय सांगू. अळीव पेरले, रोज दोघांनी पाणी शिंपडायचं. सुट्टीत पाऊस आला. परत आलो तर गड खचलेला, बुरूज लोळागोळा, महाराज तेवढे सिंहासनासकट नीट, कारण त्यांना कुणीतरी जाता जाता शाळेच्या खिडकीत ठेवून गेलं होतं. आणि त्या ढिगाऱ्यावर अळीव मात्र चांगले वीतभर वाढलेले. पोरांनी त्यात लपाछपी खेळणारे मावळे ठेवले, गनिमी कावा म्हणे. मग अजून पंधरा दिवस मोडला नाही.

आता रंगपंचमी येईल. आमच्याकडे धुळवडीपेक्षा रंगपंचमीच जोरात. शाळेच्या वरच्या अंगाला पळस फुललाय, खाली पडलेली फुलं पोरं सदऱ्याच्या ओट्यात भरून आणतात, उकळली की केशरी-पिवळं पाणी मिळतं. हळदीत चुना टाकला की लाल, हे त्यांना घरच्या कुंकवामुळे माहीत असतं. जास्वंदीच्या पाण्यात लिंबू पिळलं की गुलाबी आणि खायचा सोडा टाकला की हिरवट, हे मात्र जादूसारखं बघतात, मागच्या वर्षी एकानं लिंबू आणि सोडा दोन्ही एकदम टाकलं, ते फसफसून त्याच्या शर्टावर, आणि त्याची आई दुसऱ्या दिवशी शाळेत. मी साबण द्यायची तयारी ठेवली होती, तर त्या विचारत होत्या हा रंग साडीला बसेल का. नाही बसत हो, धुतला की जातो, तुरटी लावून बघा म्हटलं. अजून उत्तर आलेलं नाही.

तर हे पंचेचाळीस ट्रे शाळेत पोचलेत, बादल्या दोन, झाकण न लावता. या खेपेला मुखवटे करायचेत, गोल माठावर थापून. माठ डहाणूवाली देणार होती ते विसरली, मग फलटणवालीनं तिच्या दारातला फुटका रांजण देऊ केलाय पण तो एसटीत कसा आणायचा, आणि तोच कंडक्टर असला तर काय काय ऐकायला लागेल ते वेगळंच. उद्या शनिवार, सातची गाडी. मेथ्या सकाळीच भिजत घातल्यात, त्या आत्ता वाटायच्यात, घरच्या मिक्सरमध्ये, कारण शाळेसाठी वेगळं भांडं आणायचं आणायचं म्हणून राहून गेलंय. उद्या नवऱ्याच्या डब्यातली चटणी कडू लागणार. आजींना सांगितलंय मी, आठ वाजता या म्हणून, तोवर लगदा पिळून ठेवते, धार लागायला नको.